कापऱ्या आवाजाचं वजन

बाई, तो फोन जरा खाली ठेवा. चहा गार होतोय.

कोपऱ्यावरच्या घरातलं पोरगं कसं हाय ते मला विचारताय व्हय? मी हितं टपरीवर बसून म्हणायचं 'बरं हाय', आणि तुम्ही तिथं फोनात बोलायचं 'बरं हाय'. ऊन लई हाय, पाय दुखत्यात, कळतंय मला. नव्या सेविकाबाई हायसा, गाव वळखीचं न्हाई. पण त्या पोराचं मी काय सांगणार न्हाई. त्यापेक्षा एक गोष्ट सांगतो. तुमच्या आधी तुमच्याच खुर्चीवर बसायची तिची. ऐकताना भ्या वाटंल. वाटू द्या.

मालन चौगुले तिचं नाव. बावीस वर्षं ह्या चिंचमळ्याची अंगणवाडी तिनं चालवली. आज जी पोरं द्राक्षबागेवर औषध मारायचे ड्रोन उडवत्यात, त्यांच्या नाकाचा शेंबूड तिनं पुसलाय. तिचा आवाज कसा, तर दगडी जात्यासारखा. सरळ, जड, कधी वर न्हाई, कधी खाली न्हाई.

आणि त्या आवाजानंच घात केला.

सांधा तुम्हाला शिकवलाच असंल. पण तो इचार कसा करतो ते शिकवत न्हाईत. मला आमच्या दस्तगीर नदाफ हवालदारानं समजावलं तसं सांगतो. पूर्वी एखाद्या पोराला घरात मारहाण व्हायची, तर त्याचा एक कागद पोलिसाकडं, एक दवाखान्यात, एक अंगणवाडीत, एक बालसंरक्षणवाल्या मॅडमकडं. सिस्टरला दिसायचा सुजलेला हात. सेविकेला दिसायची गैरहजेरी. पोलिसाला यायचा शेजाऱ्याचा फोन. एकेकटं बघितलं तर काहीच न्हाई. चौघं एका जागी बसली असती तर कळलं असतं, पण चौघं बसणार कधी? पोरं त्या फटीतनं खाली पडायची.

मग हे यंत्र आलं. चारी कागद सांधणारं, म्हणून सांधा. सगळ्यांच्या फोनात एकच दिवा. हिरवा म्हंजे ठीक. पिवळा म्हंजे आठ दिवसांत चौकशी. लाल म्हंजे चाळीस मिनिटांत पोलीस आणि मॅडम एका गाडीतनं दारात, दोघं मिळून. खोटं कशाला बोलू, चांगलं यंत्र हाय. पहिल्या दोन वर्षांत तालुक्यातली अकरा पोरं त्यानं वाचवली.

पण माणसं खोटंही बोलत्यात. सासरच्यावर डूख धरून बोलत्यात, बांधाच्या भांडणापायी बोलत्यात. म्हणून सांध्याला आवाज तोलायला शिकवलं. माणूस बोलतो तवा गळ्यातली तार बारीक कापत असती. आपल्या कानाला ऐकू येत न्हाई, त्याला येतं. ज्याला काय लपवायचं असतं त्याचा गळा आवळतो, कंप बदलतो. लाखभर आवाज त्याला ऐकवले. तो शिकला, की सपाट आवाज म्हंजे खरं आणि कापरा आवाज म्हंजे संशय. त्यात माणसाचा जुना हिशोब धरायचा. बावीस वर्षांत एक नोंद चुकली न्हाई, म्हणून मालनच्या एका शब्दाला नऊ माणसांचं वजन.

आता गोष्ट.

मार्च अखेर. पन्नास घरभेटी राहिलेल्या आणि पाय दोन. बेदाण्याच्या शेडपाशी मालनला तिची धाकटी बहीण भेटली, इंदू. निवडणीवरनं उठून पाणी प्यायला आलेली. इंदूचा पोरगा किरण, ड्रोन उडवण्यात एक नंबर. देवळाच्या जत्रेत फुकट फुलं उधळायचा ड्रोननं, गाव खूश. त्याची बायको मस्कतला कामाला. घरात तो, इंदू आणि चार वर्षांची सानवी.

"सानवी दिसली न्हाई गं नऊ दिस," मालन म्हणली.

"बारका ताप हाय. झोपलीया. किरण हाय की घरात."

"येऊ का बघाय?"

"ये की." इंदूनं तोंडावरनं पदर फिरवला. "पण आत्ताच डोळा लागलाय, आक्का. उगं उठंल."

आपलंच घर. किरणला ह्याच हातानं न्हाऊ-माखू घातलेलं. मालननं शेडच्या सावलीत उभं राहून फोन तोंडाला लावला. "चिंचमळा, घर नंबर चौदा. भेट दिली. मुलगी ठीक आहे." आवाज सपाट. कापणार कशाला? तिला स्वतःला ते खरंच वाटत होतं.

पाच दिवसांनी, मंगळवारी तिसऱ्या प्रहरी नदाफ अंगणवाडीवर आला. पोरं घरी गेलेली, मालन खिचडीचं पातेलं घासत होती. नदाफ ढेरपोट्या, हसरा माणूस. मोटरसायकलवरनं उतरता उतरताच बोलायला सुरुवात.

"बाई, एक चहा लागू झाला तुम्हाला. तुमच्या भाच्याच्या दारात आमची गाडी उभी राहायची ती वाचली. लाल होता होता दिवा हिरवा झाला. म्हणलं कुणाची ही पुण्याई, तर तुमचा आवाज."

मालनचा हात पातेल्यात थांबला. "लाल कशापायी?"

"सिस्टरनं लिहिलं होतं, पोरीचा हात सुजलाय. बाप म्हणला झोक्यावरनं पडली. मग शेजारनं कुण्या बाईचा फोन. नाव सांगितलं न्हाई. म्हणली, पोरगी रडती आणि मधीच एकदम गप होती, ते गप होणं ऐकवत न्हाई. पण त्या बाईचा आवाज इतका कापत होता, की सांध्यानं तिला पाव वजन दिलं. वर तुमची नोंद आली, भेट दिली, ठीक आहे. झालं."

"झोक्यावरनं?"

"तसं लिहिलंय."

बाई, त्या घराचा स्लॅब ओतला तवा मालन तिथंच होती. ती म्हणलेली, एक कडी सोडा रं, उद्या पाळणा टांगायला लागंल. किरण म्हणला होता, कडीनं स्लॅब घाण दिसतो मावशी. त्या घरात झोका टांगायला कडी न्हाई. अंगणात झाड न्हाई. हे सांध्याला ठाऊक न्हाई, सिस्टरला न्हाई, नदाफला न्हाई. फक्त तिला ठाऊक.

 तिनं ओल्या हातानंच फोन उचलला.

"घर नंबर चौदा. माझी नोंद... मला परत बघायचं हाय. पोरगीला धोका हाय. लगेच कुणीतरी पाठवा."

यंत्राचा आवाज गोड असतो, ठाऊक हाय तुम्हाला. "आपल्या आवाजात ताण आढळला आहे. संबंधित कुटुंब आपल्या नात्यातील आहे. मागील नोंद कायम ठेवण्यात येत आहे. फेरतपासणी आठ दिवसांत होईल."

"अगं बाई, मी भ्यालीया म्हणून आवाज कापतोय," मालन म्हणली. यंत्रानं परत तेच सांगितलं.

नदाफचं हसू गेलं होतं. "बाई, भेट दिली होती का न्हाई?"

मालननं मान हलवली, न्हाई.

"या अल्ला," तो हळूच म्हणला, आणि खालीच बसला फरशीवर.

"दस्तगीरभाऊ, तुम्ही चला माझ्यासंगं. आत्ता."

"मागं एकदा असाच एकटा गेलो होतो मी. खाकी बघून पोरगं भेदरलं. मी आपलं दहा वेळा विचारलं, त्यानं दहा तऱ्हेनं सांगितलं. कोर्टात वकील म्हणला, हे पोरगं खोटारडं. बाप सुटला आणि पोराला घेऊन गेला." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "लाल दिव्याशिवाय आणि भंडारे मॅडमशिवाय मी गेलो, तर त्या पोरीचा एकमेव मोका मीच मारीन."

त्यानं भंडारे मॅडमला फोन लावला. बालसंरक्षणच्या त्या. म्हणल्या, मी पंचवीस किलोमीटरवर आहे, पण लाल आल्याशिवाय गाडी सुटत नाही, काय करू ते सांगा.

तेवढ्यात मालनचा फोन वाजला. इंदू.

"आक्का, किरणला बेंगलोरला काम लागलंय. सांजच्या सातच्या गाडीनं निघालाय. सानवीला घेऊन."

"आणि तू?"

"न्हाई. दोघंच."

इंदूनं फोन ठेवला.  

सांधा आपल्या राज्यापुरताच. गाडी एकदा सीमेपार गेली, की त्या पोरीचे चारही कागद परत चार कपाटांत. घड्याळात पाच वाजायला आले होते.

"एक वाट हाय," नदाफ म्हणला. "पण ती धरा असं मी म्हणणार न्हाई. सांधा आत्ता तुमचं खरं मानत न्हाई. पण तवाचं खोटं होतं असं तुम्ही कबूल केलं, तर तो मानंल. स्वतःच्या विरुद्ध बोललेलं तो तोलत न्हाई, तसा कायदाच हाय. तुमचं नऊ माणसांचं वजन निघून गेलं, की खाली सिस्टर आणि शेजारीण उरत्यात. दिवा लाल. पण बाई, बावीस वर्षांच्या सगळ्या नोंदी खोट्या धरतील. नोकरी जाईल. केस हुईल तुमच्यावर."

"आणि पोरगी खरंच तापानं झोपली असंल तर?"

"तर भाचाही गेला, बहीणही गेली, आणि तुम्हीही गेलासा."

मालन उठली. घरी गेली न्हाई. अंगणवाडीच्या फडताळातनं एक स्टीलची वाटी घेतली.

विरजणाला कोण नको म्हणत न्हाई, बाई. वैरी असला तरी म्हणत न्हाई. आणि विरजण दारात देत न्हाईत, त्यासाठी बाईमाणसाला चुलीपर्यंत जावं लागतं. सांध्यानं बंद केलेलं दार वाटीनं उघडंल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. फक्त एक अडचण. दिवेलागण झाल्यावर दूध-दही घराबाहेर देत न्हाईत. म्हंजे ऊन हाय तोवरच.

किरण दारातच होता. मोटरसायकलला बॅग बांधत. पांढरा शर्ट, केस ओले, हसतोय.

"मावशी? विरजण? तुमच्या घरचं दही सगळ्या गावाला पुरतं की."

"मांजरानं तोंड घातलं रं."

"मांजर कधी पाळलंसा?"

"पाळायला कशाला पायजे, येतंय की बाहेरचं."

तो हसला, पण दारातनं हलला न्हाई. "दिवा लावायची वेळ झाली. आता आई देणार न्हाई."

मालननं उंबऱ्याकडं बोट दाखवलं. "ऊन हाय अजून तुझ्या उंबऱ्यावर. सरक."

लहानपणी त्याला ज्या आवाजात 'सरक' म्हणायची त्याच आवाजात ती म्हणली, आणि तो सवयीनं सरकला. ती आत गेली. तिनं वर बघितलं. गुळगुळीत पांढरा स्लॅब. कडी न्हाई.

चुलीपाशी इंदू उभी होती. बहिणीला बघून तिनं दह्याचं मडकं काढलं. 

कोपऱ्यात खाटेवर सानवी. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत चादर.

मालननं पदराची गाठ सोडली. गाठीत बेदाणे होते, रोज असायचे. "सानू, बेदाणा घे."

पोरीनं डावा हात काढला. उजवा आला न्हाई. बेदाणे चार, एका चिमुकल्या मुठीत मावंनात, एक खाली पडला. तो उचलायलाही उजवा हात आला न्हाई.

"मालनआजी, मी झोक्यावरनं पडले," सानवी म्हणली. न विचारता. पाढा म्हणावा तसं. आवाजात एक कंप न्हाई, एक चढ न्हाई. सांध्यानं ऐकलं असतं तर शंभर टक्के खरं म्हणला असता.

 मालनला कळलं, सपाट आवाज असाही तयार करता येतो. चार वर्षांच्या पोरीतसुद्धा.

"कुठल्या झोक्यावरनं गं बाळा?" हे तिच्या ओठापर्यंत आलं. पण तिनं दात आवळले. ट्रेनिंगमधलं तेवढं एक ती विसरली नव्हती. पोराला एकदाच विचारायचं, एकानंच विचारायचं, आणि ते विचारणारी आपण न्हवं.

इंदूनं वाटीत दही घातलं. कानाशी येऊन म्हणली, "आक्का, घे आणि जा. दिसलं ते दिसलं न्हाई म्हण. मी पाया पडते. तो मलाही..." 

मालननं एका हातात वाटी धरली आणि दुसऱ्या हातानं फोन.

"घर नंबर चौदा. मी मालन चौगुले. मी भेट दिली नव्हती. मी खोटं बोलली."

तिचा आवाज पार फुटला होता. यंत्र म्हणलं, "स्वतःविरुद्ध विधान. आवाजाची तपासणी लागू नाही. आपल्या सर्व मागील नोंदी अविश्वसनीय ठरतील. पुढे जायचे आहे का?"

इंदूनं तिचं मनगट धरलं. नखं रुतली.

"व्हय," मालन म्हणली.

दिवा लाल झाला. खाली आकडा आला, चाळीस.

मग तिनं काय केलं? बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. वाटी मांडीवर.

"मावशी, उंबऱ्यावर बसत न्हाईत," किरण म्हणला.

"पायात गोळा आलाय."

"उठा. मला पोरीला घ्यायचंय. गाडी हाय."

"सातची हाय की. आत्ताशी साडेपाच."

पंधरा मिनिटं तो बॅग बांधत, सोडत राहिला. परत बांधली. मग येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. हसणं होतं, पण डोळ्यांपर्यंत जात नव्हतं. लई हळू बोलला. "मावशी, म्हाताऱ्या माणसाचं हाड एकदा मोडलं की जुळत न्हाई. ठाऊक हाय न्हवं?"

 मालननं वाटी दोन्ही हातांनी धरली. ओरडावं तर गाव जमंल, गाव जमलं तर तो पोरीला घेऊन मागच्या मागं जाईल. न ओरडावं तर... तिला पुढचा इचार करवंना.

त्यानं तिच्या खांद्याला धरलं. त्या बोटांनी तिला कळलं, सानवीला काय कळत असंल ते. ती उंबऱ्यावरनं निम्मी उचलली गेली, अंगणात फेकली गेली. वाटी घरंगळत तुळशीपाशी. तो आत वळला.

आणि त्याच्या नाकासमोर दार बंद झालं. आतनं कडी बसली.

इंदूनं घातली. तीस वर्षं त्या पोराला तिनं कधी 'नको' म्हणलं नव्हतं.

तो दारावर बुक्क्या मारायला लागला. "आई, उघड. आई." आत इंदू रडत होती, मोठ्यानं, दाराला पाठ लावून, पण कडी काढत नव्हती. मालन रांगत गेली आणि दोन्ही हातांनी त्याचा पाय धरला. त्यानं झटकला, तिनं परत धरला. त्यातच ऊन उंबऱ्यावरनं निघून गेलं.

गाडी आली तवा आकडा चारवर होता.

पुढचं नदाफनं सांगितलेलं. दुसऱ्या शिपायानं किरणला गाडीत बसवलं. नदाफनं टोपी, खाकी शर्ट, पट्टा, काठी सगळं गाडीत ठेवलं आणि नुसत्या बनियनवर ओसरीत बसला, आतलं बोलणं ऐकायची बारकी गोळी कानात घालून. भंडारे मॅडम आत खाटेशेजारी खाली बसल्या. बारीक अंगाच्या, चष्मेवाल्या. समोर कॅमेरा, एकच. सानवी म्हणली, मी झोक्यावरनं पडले. मॅडम 'बरं' म्हणल्या आणि बेदाणे मोजायला लागल्या. नदाफ म्हणतो, माझ्या नोकरीतली ती सगळ्यात लांब पंचवीस मिनिटं. मग कानातल्या गोळीत त्याला पोरीचा आवाज आला. बारीक, कापरा, तुटका. सगळं सांगणारा. नदाफला एक गोष्ट विचारायची होती, ती त्यानं चिठ्ठीवर लिहून आत सरकवली. मॅडमनी विचारली, तीही एकदाच. त्यानंतर डॉक्टरनं, कोर्टानं, कुणीच त्या पोरीला परत विचारलं न्हाई.

सानवीचा हात दोन जागी मोडलेला निघाला. आता जुळलाय. आई मस्कतवरनं आली, पोरगी तिच्यापाशी हाय, कुठल्या गावात ते मी सांगत न्हाई.

यंत्रवाले शहरातनं आले, सांध्याला नवं शिकवून गेले म्हणत्यात, की भ्यालेला आवाज म्हंजे खोटा आवाज न्हवं. शिकला का न्हाई, त्याचं तो जाणे.

मालनची नोकरी गेली. केस चालू हाय. बेदाणा निवडायला जाती. इंदू त्याच शेडमध्ये, चार माणसं सोडून बसती, बोलत न्हाई. तुळशीपाशी पडलेली वाटी तिनं एकदा परत पाठवली. रिकामी. आपल्यात भांडं रिकामं पाठवत न्हाईत, बाई. मालन ती वाटी घेऊन हितं टपरीवर आली, ह्याच बाकड्यावर बसली आणि घरी नेईना. तवापासनं माझ्याकडंच हाय.

आणि एक सांगायचं राहिलं. तिच्या नोंदी खोट्या ठरल्या म्हणून उरलेल्या एकोणपन्नास घरांत माणसं परत गेली. ह्या वेळी खरोखर पायांनी. त्यात अजून एक मार खाणारं पोरगं निघालं. त्याच्या घरी मालन दर महिन्याला जायची. दारात उभी राहून हाक मारायची, आतनं 'बरं हाय' यायचं, आणि ती पुढं जायची. ते कळलं तवा ती रडली, हितंच बाकड्यावर बसून. किरणच्या वेळीही रडली नव्हती.

तर कोपऱ्यावरचं ते घर. मला खरंच ठाऊक न्हाई तिथं काय हाय. काहीच नसंल, देव करो. पण ही घ्या ती वाटी, घासलेली हाय. फोन पिशवीत टाका. जावा, विरजण मागा, चुलीपर्यंत आत जावा, पोराच्या हातावर बेदाणा ठेवा आणि दोन्ही हात बघा. मग काय बोलायचं ते बोला फोनात.

उन्हं हायत अजून. तेवढं जाऊन या, बाई.